कुस्तीच्या वेळचे ठोके

मातीत उतरताना अंगावर काही ठेवायचं नाही, हा आमच्या तालमीचा नियम. अंगठी नाही, गंडादोरा नाही, कानातलं नाही. समोरच्या पोरीला लागतं हे एक कारण, आणि लाल मातीपुढं माणसानं मोकळंच जावं, हे शामराव वस्तादांचं कारण. कुरणवाडीत वस्तादांचा शब्द म्हणजे कायदा. चपला घालून लाल मातीच्या हौद्यापर्यंत आले म्हणून त्यांनी एकदा आमदारांना आल्या पावली परत पाठवलं होतं. त्यामुळे क्रीडा-आरोग्य समितीनं प्रत्येक पैलवानाच्या मनगटावर घड्याळ हवंच असा फतवा काढला, तेव्हा पुढं काय होणार हे आम्हा पोरींना आधीच ठाऊक होतं.

“घड्याळ घालून तुमी मॅटवर काय बी करा,” वस्ताद म्हणाले. “मातीत न्हाई.”

विषय संपला. आणि माझ्या आयुष्याचा घोळ तिथून सुरू झाला.

मी रणजिता मगदूम. बापूंना पोरगा हवा होता, रणजित हे नाव ठरलेलं होतं, मी झाले तरी त्यांनी नाव वाया जाऊ दिलं नाही. मी सातवीत असताना बापू अपघातात गेले. त्यानंतर मला आईनं वाढवलं आणि वस्तादांनी घडवलं. दोघांनीही मला भरपूर चोपलं. तेवीस वर्षांखालच्या गटातलं माझं हे शेवटचं वर्ष होतं. दिल्लीच्या निवड चाचणीत जिंकले तर राष्ट्रीय शिबिर, नाहीतर तालुक्याच्या जत्रेत नारळ घेत फिरायचं, असा साधा हिशोब होता.

आता ते घड्याळ चालतं कसं, ते सांगते. त्याच्या पाठीला बारीक हिरवे दिवे असतात. तो उजेड कातडीत शिरतो, रक्त त्यातला थोडा पिऊन टाकतं, उरलेला परत येतो. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परतणारा उजेड कमी होतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. पण हात हलला की रक्तही हिंदकळतं, आणि घड्याळाला ती हालचालच नाडी वाटायला लागते. म्हणून ते हालचाल ओळखून वजा करतं. धावताना हात एका लयीत हलतात, तिथं वजाबाकी सोपी. सायकलवर मूठ आवळलेली असते, पोहताना मध्ये पाणी शिरतं. प्रत्येक खेळाची वजाबाकी वेगळी. कुस्तीत तर समोरचीनं मनगटच पकडलेलं असतं, तिथं कंपनीनं हात टेकले. कुस्तीपुरतं घड्याळ त्यांनी कोरं ठेवलं आणि आम्हाला सांगितलं, तुम्हीच शिकवा. ‘कुस्ती’चं बटण दाबा, रोज सराव करा, घड्याळ तुमची लढत शिकून घेईल.

गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक भर पडली होती. ठोक्याच्या लाटेचा आकार ज्याचा त्याचा निराळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. त्यातले बारीक बदल पाहून कुणाचं काळीज पुढं दगा देणार, हे घड्याळ सांगू लागलं. दोन नावाजलेले खेळाडू मैदानात कोसळून गेले. दोघांच्याही घड्याळांनी आधीच सांगितलं होतं आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं. तेव्हापासून घड्याळानं लाल शेरा दिला की खेळाडू घरी, असा नियम झाला. नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही.

सकाळी आम्ही मॅटवर असायचो. पण त्या तासाला फिटनेसचं बटण दाबायचं असा समितीचा आदेश होता, कारण तिथं जास्त करून व्यायामच चालायचा. खरी लढत संध्याकाळी मातीत. शिबिरासाठी ‘कुस्ती’चे तास भरावे लागत, आणि मनगटावरून काढलं की घड्याळ तास मोजायचं थांबवायचं. मग आम्ही आमची युक्ती काढली. बटण दाबायचं, घड्याळ काढायचं आणि हौद्याच्या कडेला जो कुणी असेल त्याच्या हातात बांधायचं. कुणी आजोबांच्या हातात बांधलं, कुणी रिक्षा घेऊन आलेल्या काकांच्या. तास भरत होते. नियम दोन्हीकडचे पाळले जात होते. आपण फार हुशार आहोत असं आम्हाला वाटत होतं.

माझं घड्याळ आईच्या हातात असायचं.

आई, म्हणजे उज्ज्वला मगदूम, दूध डेअरीतलं काम आटोपून तालमीत यायची आणि कडेला स्वस्थ बसायची नाही. बसलं की आजारी पडल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. आम्हा सगळ्या पोरींच्या थंडाईचे बदाम ती वाटायची, विहिरीचं पाणी ओढून हौद्यावर मारायची, आम्ही निघालो की फावडं घेऊन माती वरखाली करायची. हे सगळं ती माझं घड्याळ मनगटावर घालून करायची आणि घड्याळ मन लावून शिकत होतं.

लाल शेरा आला तो भर दुपारी. मी शेंगा फोडत बसले होते. फोनवर एक ओळ आली, आणि पाठोपाठ समितीच्या डॉक्टर इनामदार मॅडमचा आवाज. बाई शांत बोलायच्या, तेच जास्त भीतीदायक होतं.

“रणजिता, नीट ऐक. धावताना, जोर-बैठका मारताना तुझं हृदय उत्तम चालतंय. पण कुस्तीत श्रम वाढले की त्याच्या खालच्या कप्प्यात ठोक्यांची पळापळ सुरू होते. अजून ती आपोआप थांबतेय. सहा महिन्यांत कधीतरी थांबणार नाही, असं घड्याळाचं भाकीत आहे. आजपासून मॅटवर पाय ठेवायचा नाही.”

“पण मॅडम, मला काहीच होत नाही.”

“त्या दोघांनाही काही होत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

कोल्हापुरात सगळ्या तपासण्या केल्या. ईसीजीची पट्टी निर्मळ, सोनोग्राफी निर्मळ, पळत्या पट्ट्यावर तर तिथला मुलगाच दमला. समितीनं कागद पाहिले आणि परत पाठवले. दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा महिनोन् महिने मनगटावर बसलेल्या घड्याळाला जास्त दिसतं, असं त्यांचं उत्तर. चूक काढायला जागाच नव्हती.

घरी आईनं मला अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं ठेवलं. कळशी उचलू देईना, जिना चढू देईना. माझ्या वाटणीचं सगळं काम तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. वैरणीचा भारा, पाणी, दळण, सगळं. मी उठले की ओरडायची, “बस म्हटलं ना! तुझ्या काळजाला त्रास नगं.” आणि मी बसायचे. मी तिला तो भारा उचलताना बघत बसायचे. हे आठवलं की आजही मला स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

शेवटी मी हट्ट धरला. घड्याळ घालून कुस्ती खेळते, तुमच्यासमोर, तुमच्या मॅटवर. कोसळले तर तुमचे डॉक्टर आहेतच. इनामदार मॅडमनी समितीला राजी केलं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत छातीला तारा लावून, मनगटावर घड्याळ बांधून, ‘कुस्ती’चं बटण दाबून मी एका हरियाणाच्या पोरीशी भिडले. पहिल्यांदाच ते घड्याळ माझ्या हातात असताना मी लढत होते. पोरीला ढाक लावून खाली घेतलं तेवढ्यात घड्याळ गोड आवाजात बोललं.

“क्षमा करा. ही व्यक्ती रणजिता मगदूम नाही.”

दोघीही तशाच थांबलो. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मग रणजिता मगदूम कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मला कळायला फार वेळ लागला नाही. मायलेकींचे ठसे इतके जवळचे, की धावणारी मी आणि बदाम वाटणारी आई यांतला फरक घड्याळाला एकाच बाईचा दोन खेळांमधला फरक वाटला होता. कुस्तीपुरतं त्यानं आईचं काळीज माझं म्हणून पाठ केलं होतं. म्हणजे माझं काळीज ठणठणीत होतं. आधी मला हाच आनंद झाला, आणि तो सुद्धा जोरात. मग त्यातला दुसरा अर्थ कळला आणि मी मॅटवरच बसले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढून उठली. “म्हंजे तुझं काळीज निर्मळ हाय?”

“आई, अगं ते दुखणं तुझं आहे.”

“माझं मरू दे. तुझं निर्मळ हाय का न्हाई, तेवढं सांग.”

“आहे.”

तिनं देवापुढं साखर ठेवली. मग माझ्या तोंडात कोंबली, शेजारच्या दोन घरांत वाटली. एवढी हसताना मी तिला बापू गेल्यापासून पाहिली नव्हती. दम लागायचा का गं, असं विचारलं तर म्हणाली, “लागायचा की. वयच हाय. दोनदा डोळ्यापुढं अंधारी आली, तवा खल धरून बसले.” हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्या जिल्ह्याच्या कुस्त्या होत्या.

तिला पुण्याला नेऊन भरती केलं. इनामदार मॅडम तिथल्या हृदयविभागातही बसायच्या. त्यांनी आईला तपासलं, मग आम्हा दोघींना आणि वस्तादांना समोर बसवलं.

“समितीची माणूस म्हणून आधी बोलते. ठसा जुळला नाही एवढ्यानं नोंद रद्द होत नाही. गोळ्या खाऊन ठसा बदलून आलेले खेळाडू आम्ही पाहिलेत. नोंद रणजिताची नसेल, तर ज्याची आहे तो माणूस दाखवा, असा नियम आहे.”

“ही काय समोर बसलीया,” वस्ताद म्हणाले.

“त्यांचं दुखणं कागदावर दाखवून भागणार नाही, वस्ताद. हा आजार रक्तातून येतो. आईला आहे म्हटल्यावर समिती म्हणेल, मग लेकीलाही असणारच. जनुकांची तपासणी केली तरी निम्म्या घराण्यांत काही सापडत नाही, त्यामुळे तीही धरत नाहीत. एकच मार्ग आहे. उज्ज्वलाताईंनी तेच घड्याळ घालून आमच्यासमोर तसेच श्रम करायचे आणि ती पळापळ पुन्हा उमटायची. ठसा जुळला की रणजिता मोकळी.”

“मग आत्ताच घाला की,” आईनं हात पुढं केला.

“आता डॉक्टर म्हणून बोलते,” मॅडम म्हणाल्या. “यांनी जिनासुद्धा चढायचा नाही. पुढची पळापळ थांबेलच असं मी सांगू शकत नाही, आणि थांबली नाही तर आम्ही शेजारी उभे असूनही वाचवू असंही सांगू शकत नाही. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं. ठोके पळायला लागले की ते एका झटक्यात ताळ्यावर आणतं. याच आठवड्यात बसवायला हवं.”

“मग यंत्र बसवून श्रम करू दे,” मी म्हणाले.

“यंत्र बसल्यावर ती पळापळ सुरू होताच मोडली जाईल. शिवाय यंत्राच्या ठोक्यांनी लाटेचा आकारच बदलतो. तो ठसा पुन्हा कधीच उमटणार नाही.”

आधी यंत्र, तर माझी कुस्ती कायमची संपली. आधी पुरावा, तर आई जाऊ शकते. तिसरं काही नव्हतं.

“यंत्र मागनं,” आई म्हणाली. “आधी पोरीचं बघा.”

“ताई, जीव जाईल.”

“डाक्टरीनबाई, रोज करतच हुते की. त्यात नवीन काय हाय?”

बाहेर व्हरांड्यात मी आईशी कडाकडा भांडले. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. ही तिची नाही म्हणायची पद्धत. वस्ताद जिन्याजवळ उभे होते, सत्तर वर्षांचा तो पहाड एकदम खंगल्यासारखा दिसत होता. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“माझ्या हातात बांध घड्याळ,” ते हळूच म्हणाले. “सांग त्यास्नी, म्हाताऱ्याचं काळीज हाय म्हणून. माझं बी लई जुनं झालंया. बैठका मारतो, काय व्हायचं ते हू दे.”

“वस्ताद, ठसा जुळणार नाही.”

“न्हाई का?” त्यांनी विचारलं आणि त्यांचे डोळे भरले. “मीच मातीत घालू दिलं असतं तर…”

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मातीत घातलं असतं तर आईचं दुखणं कुणाला कळलंच नसतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर खाट रिकामी. माझी पिशवी उघडी, घड्याळ गायब. मी जिन्याकडे धावले. आई तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, ओठ जांभळे पडलेले. मनगटावर घड्याळ, आणि त्यावर ‘कुस्ती’.

“उमटलं का बघ,” ती कसंबसं म्हणाली. “दोनदा वरखाली केलं.”

मी तिला खांद्यावर टाकून खाली आणलं. खांद्याला तिचं काळीज पाखरासारखं फडफडताना लागत होतं. खाटेवर टाकलं, नर्सनं काहीतरी टोचलं, बऱ्याच वेळानं तिचा रंग परतला. आणि जे उमटलं होतं त्याचा काही उपयोग नव्हता, कारण समितीचा माणूस समोर नव्हता. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग बोलवा की त्याला. पुन्हा चढते.”

ती चढली असती. माझी नजर चुकवून, दाराला कुलूप लावलं तर खिडकीतून उतरून, ती चढलीच असती. मी तिच्याच पोटची असल्यामुळे मला हे पक्कं माहीत होतं.

मी खाली इनामदार मॅडमच्या खोलीत गेले. “नोंद माझीच आहे असं लिहून देते,” मी म्हणाले. “माझंच काळीज. मला लाल शेरा मान्य आहे.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “हे दिलंस की परत फिरता येत नाही. खोटं आहे हे मला माहीत आहे.”

“दुसरं काही सुचतंय का तुम्हाला?”

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

“आईला सांगू नका,” मी म्हणाले.

“मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगणारही नाही.”

वर येऊन मी आईला हसत सांगितलं, की समितीनं तुझे कागद बघूनच ऐकलं, मला मोकळं केलं. चाचणीला जायची परवानगी आली. माझं हसू चांगलं जमलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, “देवाशप्पत?” मी देवाची शपथ घेतली. बापूंचीही घेतली. मग ती शहाण्या मुलीसारखी आडवी झाली आणि म्हणाली, “बसवा आता काय बसवायचं ते.”

यंत्र बसलं. गोळ्यांचं प्रमाण जमेपर्यंत तिला तिथंच ठेवायचं ठरलं. मावशी सोबतीला येऊन राहिली. आणि चाचणीचा दिवस जवळ आला, तशी आई मला दिल्लीला पिटाळायच्या मागं लागली. निघताना तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला. वस्ताद बरोबर येणार म्हणून त्यांच्याकडे शेंगदाण्याचे लाडू दिले.

आम्ही दोघं दवाखान्याच्या दारातून बाहेर पडलो, कोपऱ्यावरून वळलो आणि मागच्या दारानं परत आत आलो. जायचं कुठं? आईला काही झालं तर मी लांब असून चालणार नव्हतं. मग तळमजल्याच्या कँटीनमध्ये, खांबामागच्या टेबलावर आम्ही आमची दिल्ली मांडली. रात्री जवळच्या धर्मशाळेत झोपायचं, दिवसभर इथं. चाचणीचं थेट प्रक्षेपण नसतं, एवढीच देवाची कृपा. आई दोन मजले वर होती. मावशी एकदा वडे घ्यायला आली तेव्हा मी टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले.

“आता वजनं व्हत असतील,” चाचणीच्या सकाळी वस्ताद भिंतीकडे बघत म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “आता पैली जोड लागली असंल.”

मी अंगात ट्रॅकसूट घालून बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं विचारलं, “ताई, तुम्ही खेळाडू आहात का?” मी नाही म्हणाले.

दुपारी आम्हाला हरायचं कसं ते ठरवायचं होतं. आई फोनवर नुसतं ‘हरले’ ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. तिला डाव न् डाव सांगावा लागायचा. वस्ताद टेबलावर दोन बोटं उभी करून कुस्ती रचायला लागले.

“हे बघ, पैल्या फेरीत तू दुहेरी पट काढलास. दोन गुण. मग तिनं हात धरला, तू फिरलीस, मागं गेलीस…”

“वस्ताद, हरायचंय.”

“व्हय, व्हय.” त्यांनी बोटं पुन्हा मांडली. “मग तिनं तुला कडंला रेटलं. तू खाली बसलीस… आनि तितनं भारंदाज मारलास.”

“वस्ताद!”

त्यांना मला हरवता येईना. चार वेळा त्यांनी कुस्ती रचली आणि चारही वेळा मी जिंकले. शेवटी त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि त्या भरल्या कँटीनमध्ये हुंदके देऊन रडले. लोक बघत होते. त्यांना पाणी देऊन माझी हार मग मीच रचली. दुसऱ्या फेरीत, शेवटच्या काही सेकंदांत, एका गुणानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. वस्ताद दाराशीच थांबले. आई उशीला टेकून बसली होती, छातीला पट्टी, डोक्याशी पडदा, त्यावर हिरवी रेघ. मी हरले असं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. पण ती लगेच कामाला लागली. कोण होती, कुठली होती, पट कुणी काढला, तू कशी फसलीस. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. बोलता बोलता तिनं माझी बाही वर सरकवली. कोपर बघितलं. दुसरं बघितलं. मग खाली वाकवून माझी मान बघितली, कान बघितले, गुडघ्यावर हात दाबून बघितला.

“दुसऱ्या फेरीपातुर खेळलीस?”

“होय.”

“मॅटवर घासटलेलं कुठं हाय?”

मी बाही खाली ओढली.

“दर कुस्तीनंतर तुझ्या अंगाला हळद मी लावते. जिंकलीस तरी कातडं जातंय. हरल्यावर तर जातंच जातं.” तिचा आवाज चढायला लागला. “इकडं बघ. दिल्लीला गेली हुतीस का न्हाई?”

“नाही.”

“समितीनं सोडलं हुतं का न्हाई?”

“नाही.”

“मग कुठं हुतीस?”

“खाली. कँटीनमध्ये.”

तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. “फसवून बसवलंस माझ्या छातीत हे?” ती ओरडली. “मी काय मागितलं हुतं? बारा वर्सं बदाम वाटले ते कशापायी? कँटीनमधी बसायला? माझं मढं झालं असतं तरी चाललं असतं, तू खेळायला पायजे हुतीस!” आणि मला मारायला तिनं उजवा हात उगारला.

हात तसाच वर राहिला. डोळे पांढरे झाले. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावायला लागली, काहीतरी किंचाळायला लागलं, मी “आई!” म्हणून तिला धरलं आणि तेवढ्यात तिचं सगळं अंग, आतून कुणी लाथ मारावी तसं, उडालं. मलाही हाताला झिणझिणी आली. मग रेघ थांबली. मग एक ठोका. मग दुसरा. मग सरळ, समान, एकामागून एक.

आईनं डोळे उघडले. नर्स धावत आली, वस्ताद दारात उभे होते, मी तिला धरूनच होते. आईनं पडद्याकडे पाहिलं, छातीवरच्या पट्टीला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं. काय झालं होतं आणि काय झालं असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिनं हात उचलला आणि राहिलेली थप्पड मला मारली. त्यात काही जोर नव्हता. मग तोच हात माझ्या मानेमागं टाकून तिनं मला ओढून घेतलं. मी तिच्या उजव्या खांद्यात तोंड खुपसून पडून राहिले. नर्स मला बाजूला व्हायला सांगत होती आणि आई सोडत नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्या कानात विचारलं, “जिंकली असतीस का गं?”

त्या पंधरवड्यात मी तिच्याशी इतकं खोटं बोलले होते, की ‘नाही’ हे आणखी एक सहज खपलं असतं.

“व्हय,” मी म्हणाले. “जिंकले असते.”

आणि मग आम्ही दोघी रडलो.